मामाच्या खुणेचे पाच बाण

मी माझ्या मामाला फसवलं आणि मला एका शहरी गिऱ्हाइकाने फसवलं. यातली दुसरी गोष्ट मी महाडच्या बाजारात इतक्या वेळा ओरडून सांगितली आहे की शेजारचा चहावाला मला पाहिलं की ती स्वतःच सुरू करतो. पहिली मात्र मी वेळेवर कुणाला सांगितली नाही. म्हणून इथे ती आधी लिहिली.

माझं दुकान चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बांबू, सुंभ, दोर, टोपल्या, सुपं. आतल्या भिंतीवर माझ्या छातीच्या वर पुराच्या पाण्याची रेघ आहे, ती मी अजून रंगवलेली नाही. आधी दुकान नव्हतं, खांद्यावर मोळ्या होत्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून बांबू उतरवायचा आणि महाडात विकायचा. शेतकऱ्याकडून घेताना मी मोळीतला एक वाकडा नग काढून बाजूला टाकायचो, मग दुसरा, मग तिसरा, तो वैतागून "ने रे सगळाच, तू म्हणशील त्या भावाला" म्हणेपर्यंत. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. माझं तोंड तिखट आणि डोकं लगेच तापणारं, पण सौद्यात मी कधी तापलो नाही. तापायचं ते सौदा झाल्यावर.

घाटाच्या रस्त्याला शहरातल्या लोकांची घरं उठायला लागली तसा माझा धंदा बदलला. या लोकांना आमच्या माळ्यावरची अडगळ भिंतीवर लावायला हवी असायची. धान्य मापायची पायली, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं, नाचणी दळायच्या जात्याचा खुंटा. वाड्यांवरच्या बाया वस्तू काढून देताना हसायच्या. एकीने विचारलं होतं, "इरलं भितीला कशाला रे? भित भिजतीय काय?" मी म्हटलं, "भिजत नाय गो, पण शोभतं." ती म्हणाली, "मग माझा म्हातारा पण घेऊन जा."

अशाच घरांपैकी एक घर कापडे गावाच्या वरच्या अंगाला होतं. त्याचा मालक माझ्याकडून दोनदा सामान घेऊन गेला होता. पन्नाशीचा, अंगाने कसलेला, आवाज हळू. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाण मिळतील का? खरे. जत्रेतले नकोत. जुन्या शिकाऱ्याने हाताने केलेले."

"धनुष्यासकट?"

"धनुष्य आहे माझ्याकडे. फक्त बाण हवेत. हॉलमध्ये लावायचे आहेत."

ज्याच्याकडे धनुष्य आहे त्याला भिंतीसाठी बाण हवेत, यात मला काही खटकलं नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. मला त्याच क्षणी मामाचं घर दिसलं होतं आणि त्यापुढे दुसरं काही दिसलं नाही, एवढंच खरं.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. कापड्याच्या डोंगरात एक वाडी आहे, तिथे त्याची ओढ्याकाठची भाताची खाचरं आणि वर उतारावर नाचणीचं रान. आज तो पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तरुणपणी त्या खोऱ्यात त्याच्याइतका नेमबाज नव्हता. त्या काळी शिमग्याच्या दिवसांत वाडीवाडीची पारध निघायची. हाकारे रान उठवायचे, नेमबाज खिंडीत बसायचे. जनावर पडलं की घरटी वाटे पडायचे, पण पहिला घाव ज्याचा, मांडी त्याची आणि मान त्याचा. एका डुकरात तीन-तीन बाण निघायचे आणि भांडणं व्हायची. म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली होती. बाणाच्या पिसांखाली दोऱ्याचे वेढे. मामाची खूण दोन लाल वेढे आणि मधे एक काळा.

या खुणेचा उलटा नियमही होता, तो मला फार उशिरा कळला. बाण चुकून कुणाच्या वासराला लागला, जखमी जनावर दुसऱ्याच्या खाचरात जाऊन मेलं, तर ज्याची खूण त्याने पुढे व्हायचं. खुणेच्या बाणाला कुणी "माझा नाय" म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्याला पुढच्या पारधीला कुणी नेत नसे.

मामाने शिकार सोडली ती शिकारबंदीचा कायदा डोंगर चढून वाडीपर्यंत यायच्या आधी. एका शिमग्याला त्याने भेकराची, म्हणजे लहान चणीच्या हरणाची, मादी पाडली. फाडताना तिच्या आचळांतून दूध आलं. कुठेतरी झुडपात पिल्लू होतं. मामा दोन दिवस ते शोधत फिरला, सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रामदेवीसमोर त्याने धनुष्य मोडलं आणि पुन्हा जनावरावर बाण टाकणार नाही असं सगळ्या वाडीदेखत बोलला. तेव्हापासून शिमग्याला देवीची पालखी उठताना पुढच्या दांड्याला पहिला खांदा मामाचा. बोलला आणि पाळलं, म्हणून. माझ्या लहानपणी आई सांगायची, "तुझ्या मामाचा शब्द म्हणजे कातळ." मी मोठा होऊन शब्दावर धंदा करायला लागलो, आणि मला तो कातळ फार जड वाटायचा.

मी मामाकडे गेलो तेव्हा तो पडवीत सुंभ वळत होता. बाण म्हटल्यावर त्याचे हात थांबले.

"कशाला रे?"

"भिंतीवर लावायला. शहरातला माणूस आहे. तुझ्या हातचं काम जपून ठेवील."

"मी बाण सोडलाय, तुला ठाव नाय?"

"टाकायचा सोडलास. करायचा कुठे सोडलास?"

मामी आतून म्हणाली, "बघा, वकील आला." मामा हसला. तो हसला की सौदा झाला, हे मला माहीत होतं. पण त्याने एक अट घातली. पाती लावीन, धार लावणार नाही.

पुढचे काही महिने मी वाडीवर चार-पाचदा तरी गेलो. चांगली वस्तू कशी होते ते बघायची मला आवड आहे, कारण ते बघितल्याशिवाय तिची तारीफ करता येत नाही. मामाने दिवाळीनंतरच्या काळोख्या पंधरवड्यात चिव्याच्या काठ्या तोडल्या. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक, जवळजवळ भरीव बांबू. चांदण्यात तोडला तर भुंगा लागतो, असं तो म्हणाला. साठ काठ्या आणल्या आणि चुलीवरच्या माळ्यात धुराला टांगल्या. महिन्याभराने उतरवून एकेक निखाऱ्यावर शेकायची, तेलाचा हात फिरवायचा, गुडघ्यावर ठेवून सरळ करायची. मग दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायची आणि ती किती जोराने परत येते ते बघायचं. साठातल्या तीस त्याने सुपारी फोडावी इतक्या सहज बाजूला टाकल्या. त्या मामीने वालाच्या वेलांना लावल्या.

"ह्यात काय वाईट आहे?" मी एक उचलून विचारलं. मला ती सरळ दिसत होती.

"नरम हाय. दोरी सुटली की ही सापागत वळवळंल. आणि ही बघ, लय ताठ. ही धनुष्याला लागून बाजूला जाईल. धनुष्य कुणाच्या हातात हाय त्यावर काठी ठरते."

मग तो स्वतःशीच म्हणाला, "पण भितीला काय, कंची बी चालंल." तरी निवडत राहिला. कंचीही चालेल असं काम त्या माणसाला करता येत नव्हतं.

पिसं शेजारणीच्या बदकांची. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात. उजवं-डावं मिसळलं की बाण फिरत नाही, भरकटतो. पाती मात्र जुनी होती. लोहाराने बनवलेली ती मामाने पन्नास वर्षं एका पत्र्याच्या डब्यात चरबीत घालून ठेवली होती. चिंचोळी डुकराला, ती जाड कातड्यातून आत जातात. रुंद, पिंपळाच्या पानासारखी भेकराला, ती कापतात. रुंद पातं वाऱ्याला भुलतं, म्हणून जवळूनच मारायचं. मामा हे सांगत होता आणि पात्यांची कड अंगठ्याने चाचपत होता. ती बोथट झालेली होती.

"धार नसलेलं पातं लय वाईट," तो म्हणाला. "जनावर मरत नाय, तडफडतं. आणि धार धरायची तर ओढ्यातल्या दगडावर, पाणी घालत, हातानं. घाई केलीस की पातं तापतं. तापलं की गेलं. दिसतं धारदार, पण हाडाला लागलं की कड मुडपते."

हे सगळं त्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. गिऱ्हाइकाला सांगायला उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवलं होतं.

बारा बाण झाले. त्यांवर खूण नव्हती. मी एक नमुना गिऱ्हाइकाला नेऊन दाखवला आणि मला माझी सवय नडली. वस्तू विकताना तिची गोष्टही विकायची ही माझी सवय आहे. मी त्याला पारधीची, पहिल्या घावाची, लाल-काळ्या वेढ्यांची सगळी हकीकत रंगवून सांगितली. तो म्हणाला, "मग यावर खूण का नाही?"

मी परत वाडीवर.

"मामा, खूण बांध."

"भितीवरच्या बाणाला खूण कशाला? खूण घावासाठी असते."

"त्याशिवाय तो घेणार नाय. तुझी सहा महिन्यांची मेहनत माझ्या दुकानात पडून राहील."

मी आवाज चढवला. म्हटलं, तुला भाच्याची किंमत नाय, दोऱ्याची हाय. मामी दारात आली आणि म्हणाली, "द्या ना बांधून. पोरगा इतक्या लांबून येतोय." मामाने कोनाड्यातून लाल दोरा काढला, काळा काढला आणि बारा बाणांवर खूण बांधली. शेवटच्या गाठीचा दोरा दाताने तोडला.

मामी आजही म्हणते, "मी कशाला मधे बोलली?" मी तिला म्हणतो, तू नसतीस बोललीस तर मी तासभर आणखी ओरडलो असतो. हे तिच्या समाधानासाठी म्हणत नाही, खरंच ओरडलो असतो.

राहिली धार. गिऱ्हाइकाचं म्हणणं, बोथट पातं म्हणजे खेळणं. हे मी मामाला सांगितलंच नाही. बाराही बाण महाडच्या एका वर्कशॉपात नेले आणि पाती मोटरच्या दगडावर लावून घेतली. ठिणग्या उडाल्या, दहा मिनिटांत काम झालं. कडेला निळसर झाक आली होती. मला ती सुंदर वाटली. निळी झाक म्हणजे पोलाद तापलं, हे कळायला मामाच हवा होता.

आता त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी गिऱ्हाईक बाण निवडायला दुकानात आलं. दोन वर्षं मी हा दिवस डोक्यात उलटापालटा करतो आहे.

माणूस वस्तू कशी हाताळतो त्यावरून ती कशासाठी घेतोय हे मला कळतं. सूप शोभेला घेणारा त्याच्याकडे लांबून बघतो. पाखडायला घेणारी बाई ते हातात घेऊन एकदा झटकते. याने बारा बाण माझ्या गल्ल्यावर मांडले. एकेक उचलला, डोळ्याला लावून काठी पाहिली, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवून उजव्या हाताने गरकन फिरवला. थरथरला तो बाजूला. मग टोकं धरून वाकवला, अगदी मामासारखा. मग माझा लहान काटा मागितला आणि एकेक बाण तोलला. एकाच वजनाचे तेवढे वेगळे काढले. एक बाण स्वतःच्या छातीला लावून बोटांच्या टोकापर्यंत लांबी पाहिली. शेवटी खिशातला कागद काढून पात्याने कापून बघितला. कागद कापला गेला.

त्याने पाच बाण घेतले. पाचही रुंद पात्याचे.

मी विचारलं, "बाकीचे? भिंतीवर बारा शोभतील."

"हे पाच सारखे आहेत," तो म्हणाला. "बाकीच्यांवर भरवसा नाही."

भिंतीवर टांगायच्या बाणावर भरवसा कशाला लागतो? हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. तो विचारायला मला काहीच लागलं नसतं. मी विचारला नाही, कारण सगळे बारा गळ्यात कसे मारायचे याच विचारात मी होतो. पाचांवरच सौदा आटोपला याचा मला राग आला होता. तो गेल्यावर मी दुकानातल्या गड्यावर विनाकारण खेकसलो.

हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, मामाच्या शेजाऱ्याचा फोन आला. "लवकर या. ओढ्यावर भेकर मेलंय. मामाचा बाण हाय त्यात."

मी पोचलो तेव्हा ओढ्याच्या काठी वीस-पंचवीस माणसं होती. भेकर खाचराच्या बांधाला टेकून पडलं होतं. मान लांब केलेली, जीभ बाहेर. बाण मागच्या बाजूने पोटात गेलेला आणि काठी अर्धी मोडलेली. मोडक्या अर्ध्यावर पिसं आणि त्यांखाली दोन लाल वेढे, मधे एक काळा. रक्ताची वाट वरच्या रानातून खाली आली होती. आदल्या दिवसापासून ते चालत, पडत, पुन्हा उठत आलं असावं. माशा बसल्या होत्या.

वनरक्षक आला होता. तरुण पोरगा, नीट बोलणारा. त्याने माणसांकडून पातं काढवून घेतलं. पात्याची कड एका बाजूला पूर्ण मुडपली होती, कागदाचा कोपरा दुमडावा तशी.

मामाने ते हातात मागून घेतलं. मुडपलेली कड बघितली, तिची निळी झाक बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती धार त्याची नव्हती आणि ती कुणाची हे त्याला कळलं. पातं परत दिलं.

वनरक्षकाने विचारलं, "आजोबा, हा बाण कुणाचा?"

"माझा."

"तुम्ही मारलात?"

"खूण माझी हाय."

"ते झालं. पण मारला कुणी? कुणाला दिले होतेत काय बाण?"

मामाने भेकरावरच्या माशा हाकलल्या. मी पुढे झालो आणि ओरडायला लागलो, की या वयाचा माणूस शिकार करेल का, ह्याचे हात बघा, डोळे बघा. मी सगळं ओरडलो. जे सांगायचं होतं तेवढं सोडून. मामा म्हणाला, "तू गप रे." आणि मी गप्प झालो. आयुष्यात मी कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलो नव्हतो. त्या दिवशी बसलो, कारण गप्प बसण्यात माझा फायदा होता.

मामाला नेलं. जामीन झाला, महाडच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. वकील मला बाजूला घेऊन म्हणाला, बाण तुम्ही विकलेत हे बोलाल तर तुम्हीही आत याल. मामा तारखेला एसटीने यायचा, आधी माझ्या दुकानात बसायचा, पाणी प्यायचा. बाणांचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मी त्याला चहा पाजायचो, जेवायला घालायचो, परतीच्या गाडीत बसवायचो. ह्याला मी भाच्याचं कर्तव्य म्हणत होतो.

कोर्टाचं एक वेळ राहू दे. शिमगा आला. पालखीच्या आदल्या दिवशी देवळात बैठक झाली आणि वाडीने ठरवलं, देवीसमोर बोलून ज्याने मोडलं त्याचा खांदा पालखीला लागायचा नाही. मामा तिथेच बसला होता. उठून म्हणाला, "बरोबर हाय." आणि घरी गेला. पालखी अंगणात आली तेव्हा मामीने ओटी भरली. मामा आत उंबऱ्याशी उभा होता, हात जोडून. सनई-ढोलाच्या गलक्यात मी त्याच्याकडे बघितलं नाही. पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या त्याच खांद्यावर बसून मी ही पालखी बघितली होती.

त्या उन्हाळ्यात मी बोललो. उशिरा, पण बोललो. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी दिलं की बाण मी करवून घेतले, मी विकले, अमक्या माणसाने नेले. त्यांनी लिहून घेतलं, चौकशी लावली. तोवर कापड्यावरचं घर दुसऱ्याला विकलेलं होतं. गिऱ्हाइकाच्या वकिलाकडून उत्तर आलं, की बाण शोभेसाठी घेतले होते आणि घर आवरताना कुणीतरी चोरून नेले असतील. मी गिऱ्हाइकालाच फोन केला तर "राँग नंबर" म्हणाला. त्याच हळू आवाजात.

मग मी वाडीच्या देवळात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, धारेसकट. मला वाटलं होतं, ऐकून सगळे मामाच्या घरी जातील. एक म्हातारा, माझ्या आईच्या वयाचा, तंबाखू मळत ऐकत होता. त्याच्या बांबूच्या मोळीतले वाकडे नग मी पूर्वी बाजूला टाकले होते. तो म्हणाला, "ह्यानं जन्मात एकदा तरी पहिला भाव खरा सांगितलाय काय रे?"

देऊळ हसलं. दुसरा म्हणाला, "मामाला सोडवायचाय म्हणून भाचा गिऱ्हाईक घेऊन आला. आता विचारा, गिऱ्हाईक कुठं हाय?"

"शहरात आहे!"

"मग आण त्याला. त्यानं सांगू दे. तुझ्या तोंडाचा भाव आम्हाला ठाव हाय."

माझा हात उठणार होता. उठला असता तर बरं झालं असतं असंही वाटतं, निदान चार जणांनी धरून मला हाणलं असतं. पण त्या म्हाताऱ्याचं काय चुकलं? मी तीस वर्षं त्या डोंगरात प्रत्येक वस्तूबद्दल खोटं बोलून माझं दुकान उभं केलं. मग एक दिवस खरं घेऊन गेलो, तर ते कुणी घेईना.

दुकानात सात बाण उरले होते. ते मी गोणपाटात गुंडाळून मामाकडे नेले आणि त्याच्यापुढे ठेवले. म्हटलं, "मामा, धार मी लावली होती. मोटरवर."

"ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बाणावर तुझी खूण होती काय?"

त्याने एक बाण मांडीवर घेतला आणि नखाने दोऱ्याची गाठ सोडवायला लागला. त्याला आता नीट दिसत नाही, पण बोटं गाठ शोधतात. काळा वेढा सुटला, मग लाल. मी मदत करायला हात पुढे केला तर त्याने माझा हात बाजूला सारला. साती बाणांची खूण त्याने स्वतः सोडवली. पाती उपटून डब्यात टाकली, पिसं ओरबाडून अंगणात उडवली आणि उघड्या काठ्या मामीकडे दिल्या. "घे गो, वालाला."

मग दोऱ्याचे तुकडे त्याने मुठीत गोळा केले.

"बारा होते," तो म्हणाला. "सात हे. एक कोर्टात हाय. बाकीचे चार?"

आता मी जेव्हा वाडीवर जातो तेव्हा पाणी द्यायच्या आधी तो हेच विचारतो, "चार मिळाले?" पालखीचं विचारत नाही, कोर्टाचं विचारत नाही. त्याच्या मनात एकच आहे. त्याच्या खुणेचे, तापून गेलेल्या पात्यांचे चार बाण कुठेतरी आहेत, आणि उद्या कुठल्या जनावराच्या पोटात एखादा निघाला तर तो बाण त्याचा. तो पुन्हा "माझा" म्हणेल. मी त्याला ओळखतो.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो आहे, साहेब. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही, पण तुम्ही वाचलंत तर स्वतःला ओळखाल. नखावर बाण फिरवलात ते माझ्याच गल्ल्यासमोर. माझा वाटा मी पहिल्याच ओळीत कबूल केला आहे, त्यात घासाघीस नाही. आता तुमचा बोला. शिमग्याला पालखी मामाच्या अंगणात येते, सकाळी, उन्हं वर आल्यावर. त्या दिवशी या आणि वाडीसमोर सांगा की दोरी तुम्ही ओढलीत. येताना ते चार घेऊन या. आणि यायची हिंमत नसेल तर निदान एवढ्याचं उत्तर द्या, म्हणजे मला मामाच्या अंगणात पाय ठेवता येईल: ते चार बाण कुठे आहेत?